बावेत सोडलेला ओळंबा

वळ, मे महिन्यातली दुपार

पुढचा ट्रेलर वळण घेईपर्यंत तुमची मोटरसायकल हलणार नाही. उजवीकडे गोडाऊन, डावीकडे गोडाऊन. निळे पत्रे, पांढरे पत्रे, पत्र्यांच्या डोक्यावर गरगरणारे वाऱ्याचे पंखे. माणकोलीपासून दापोड्यापर्यंत आणि तिथून तुमच्या वळपर्यंत हेच. मुंबईची जकात चुकवून माल साठवायला ही जागा बरी पडली, बंदरही लांब नाही, नाशिकचा हायवे तर उशाशीच. एकेक करून भाताची खाचरं पत्र्याखाली गेली. त्यातली दोन तुमच्या आज्याची होती.

पोटासाठी तुम्ही या गोडाऊनचेच नकाशे काढता. डॉक किती उंच घ्यायचा, चाळीस फुटी ट्रेलर वळायला किती जागा सोडायची, ट्रिमिक्सची फरशी किती टनाचा भार सोसेल, हे तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. आज निघाला आहात त्या प्लॉटवर मात्र एक अडचण आहे. कोपऱ्यात जुनी बाव आहे. शहरात तिला विहीर म्हणतात. तुमच्या घरात ती बावच. मालकाचं म्हणणं एका वाक्यात संपलं: बुजवा, वर काँक्रीट करा, चार गाड्यांची जागा निघते. तुम्ही फक्त सांगायचं, किती ब्रास मुरूम लागेल.

खिशात मोबाइल थरथरतो. अबू धाबीहून आतेभावानं फोटो पाठवलाय. गुलाबी दगडाचं देऊळ, सात शिखरं, मागं सपाट वाळू आणि पांढरंफटक आभाळ. खाली त्याचा आवाज: "दादा, वालूत देऊल उभा केलाय. पाया कसा घातला आसल रे?"

प्रश्न नेमका धंद्यातला आहे. पण ट्रेलर हलला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि उत्तर राहून गेलं.

प्लॉटवर सावली कुठंच नाही. सपाट केलेला मुरूम डोळ्यांत टोचतो. बावेच्या काठावर तुम्ही वाकता. व्यास बारा फूट, टेपनं मोजला. खोलीसाठी तुम्ही आज्याचा पितळी ओळंबा काढता. आजा गवंडी होता. भिंत सरळ दिसते म्हणून कुणी पुढं निघालं की तो ओरडायचा, "डोल्यानी नाय बघाचं, दोरीनी बघाचं." ओळंब्याला तुम्ही लांब सुतळी जोडता आणि खाली सोडायला लागता.

दहा फूट. पंधरा फूट. इथं पाणी लागायला हवं होतं. वीस. तीस. या पट्ट्यातली कुठलीच बाव एवढी खोल नाही. सुतळीचं बंडल रिकामं होतं, तरी ओळंबा तळाला टेकत नाही. उलट खालून कुणीतरी ओढ देतं. तोल सावरायला तुम्ही एक पाऊल पुढं टाकता, आणि पायाखाली काठ नसतो.

अंबरनाथ, शके ९८२, पावसाळा

आधी पाऊस लागतो. कोकणातला, आडवा, कानात शिरणारा. मग आवाज ऐकू येतो: दगडावर टाकीचा टण्‌ टण्‌, एक नाही, पन्नास ठिकाणांहून. तुम्ही चिखलात उभे आहात. समोर एक नदी फुगून वाहते आहे. हीच ती वालधुनी, जिच्या पुलावरून जाताना तुमच्या काळात नाकाला रुमाल लावावा लागतो, हे पटायला वेळ लागतो. वळहून ही जागा मोटरसायकलनं तासाभराची. तुम्ही आलात ते ९६४ वर्षं मागं.

नदीकाठी काळ्या दगडाचं देऊळ जवळजवळ उभं झालेलं आहे. ठाण्याच्या शिलाहारांचं राज्य. छित्तराजाच्या काळात सुरू झालेलं काम त्याचा भाऊ मुम्मुणी पुरं करतो आहे. उत्तरेच्या दाराशी एक माणूस मान मोडून, डोक्यावरच्या तुळईच्या आतल्या अंगाला अक्षरं कोरतो आहे. शक ९८२. इसवी सनात मोजायचं तर १०६० साल. आपल्या भागातल्या देवळाचा जन्मदाखला इतका नेमका क्वचितच मिळतो, आणि तुम्ही तो लिहून होताना बघताय.

एक म्हातारा तुमच्या हातातल्या ओळंब्याकडे बघतो. बोलणं अर्धं कळतं, उरलेलं हात सांगतात. तो सूत्रधार आहे. हा शब्द तुम्हाला नाटकातून ठाऊक होता. इथं समजतं की सूत धरणारा तो सूत्रधार. त्याच्या कमरेलाही दोरी आणि वजन आहे. दोन्ही ओळंबे तो शेजारी शेजारी सोडतो, ते एकाच रेषेत थांबतात, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा संशय जातो. नऊशे वर्षांत तुमच्या धंद्यातलं हे एक हत्यार बदललेलं नाही.

तो तुम्हाला भिंतीलगत फिरवतो. दगड इथलाच, सह्याद्रीचा काळा पाषाण. एवढा कठीण की टाकीची धार पुन्हा पुन्हा जाते, म्हणून लोहाराची भट्टी पाथरवटांच्या शेजारीच पेटती ठेवली आहे. चुना नाही. चिऱ्यावर चिरा, वजनावर वजन. भिंत सरळ जातच नाही. पुढं येते, मागं जाते, पुन्हा पुढं येते, कोनातून कोन फुटतात. तुम्ही गोडाऊनवाले, तुम्हाला शंभर फूट सरळ भिंत आवडते. म्हातारा ओल्या भिंतीवरून तळहात फिरवतो, आणि तुमच्या लक्षात येतं की या मोडणीमुळे मोठी भिंत मोठी वाटत नाही, आणि उन्हाळ्यात तिच्यावर एका वेळी सगळीकडून ऊन पडणार नाही. प्रत्येक कोन शेजारच्या कोनाला सावली देतो.

शिखराची मांडणी भूमिज पद्धतीची. चारी दिशांना खालून वर जाणारे चार पट्टे, आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी, माळेत मणी ओवावेत तशा. माळव्यात भोज राजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या ग्रंथात या पद्धतीचं शास्त्र आहे. ग्रंथ माळव्यातला, दगड कोकणातला, पाऊसही कोकणातला. पद्धत उचलून आणली तरी तिला इथल्या पावसात उभं राहायचं आहे, हे ज्याला कळलं तोच इथला सूत्रधार.

"पाणी," तो म्हणतो. हा शब्द मात्र सरळ कळतो. मग तो हातानं दाखवतो: वरून इकडे, इकडून तिकडे, तिथून नदीत. छपरावरचा उतार, दगडात कोरलेली पन्हळ, जोत्याचा ढाळ. इथं पाणी कुणाला मागावं लागत नाही. त्याला जायला वाट द्यावी लागते, नाहीतर ते स्वतःची वाट काढतं आणि ती पायातून जाते. तुम्हाला वळचे पावसाळे आठवतात, गुडघाभर पाण्यात तरंगणारी पुठ्ठ्याची खोकी आठवतात, आणि तुम्ही मान खाली घालता.

मंडपातून तो तुम्हाला आत नेतो. गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही. विसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं. देवळात चढायचं असतं हे तुम्ही गृहीत धरलेलं. इथं देवाकडं जायचं तर उतरायचं. प्रत्येक पायरीला अंधार दाटतो, अंगाला गारवा लागतो, ओल्या मातीचा वास येतो. हा वास ओळखीचा आहे. लहानपणी आज्याचं बोट धरून बावेच्या पायऱ्या उतरताना हाच यायचा.

तुमच्या काळात या गाभाऱ्यात उभं राहून वर पाहिलं की उघडं आभाळ दिसतं. आता काय दिसतं ते बघायला तुम्ही मान वर करता, एवढ्यात हातातली सुतळी हिसका देते. ओळंबा अजून खाली निघाला आहे.

ओसियाँ, आठव्या शतकाचा शेवट

ओठ आधी फुटतात. हवा इतकी कोरडी की अंगावरचा शिलाहारांचा पाऊस दोन श्वासांत उडून जातो. वाळू, खुरटी झुडपं, मधूनच डोकं काढणारा खडक. हे थरचं वाळवंट, आजच्या जोधपूरच्या उत्तरेला. प्रतिहार वत्सराजाचे दिवस. पुढच्या काही पिढ्यांत इथं हरिहर, सूर्य, देवी, महावीर अशी देवळांची रांगच उभी राहणार आहे. आत्ता मात्र एक काठी रोवलेली आहे आणि तिच्याभोवती चार माणसं उकिडवी बसली आहेत.

काठी नव्हे, शंकू. तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ आखलेलं आहे. सकाळी काठीची लांब सावली आखडत आखडत वर्तुळाच्या रेषेला जिथं टेकली, तिथं एक खूण. दुपार कलल्यावर सावली पुन्हा लांबून दुसऱ्या बाजूला जिथं टेकेल, तिथं दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते. होकायंत्र नाही, उपग्रह नाही. वाळवंटात ऊन फुकट आहे, म्हणून पहिलं हत्यार उन्हाचंच.

दुपारच्या खुणेला वेळ आहे. तोवर दुसरी परीक्षा. हातभर खोल खड्डा खणलेला आहे. निघालेली माती आता त्याच खड्ड्यात परत भरायची. उरली तर जमीन उत्तम. बरोबर बसली तर चालेल. कमी पडली तर जागा सोडायची. शास्त्राच्या ग्रंथांत सांगितलेली ही परीक्षा तुम्ही वेगळ्या नावानं रोज करता. जमीन किती ठोस, किती पोकळ, हे कळल्याशिवाय तुमचीही फरशी पडत नाही. पहिल्या खड्ड्यातली वाळू निम्मी वाऱ्यानं नेली, उरलेली भरली तर खड्डा तोंडापर्यंत येत नाही. सूत्रधार काही न बोलता उठतो आणि खडकाच्या दिशेनं पन्नास पावलं पुढं जाऊन दुसरा खणायला लावतो.

पण खरा मानाचा माणूस तिसराच आहे. तो पाणाड्या आहे. तुमच्याकडं असा माणूस नारळ तळहातावर उभा धरून शेतातून फिरतो. हा झाडं आणि वारुळं बघत फिरतो. त्याच्याआधी दोन-अडीच शतकं उज्जैनच्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत एक अख्खा अध्याय यावर लिहिला: दकार्गल, म्हणजे जमिनीखालचं पाणी कसं ओळखावं. कुठलं झाड, त्याच्या कुठल्या बाजूला वारूळ, तिथून किती हातांवर खणायचं, वाटेत कुठल्या रंगाची माती आणि कसला दगड लागेल. त्यात मरुदेशासाठी वेगळा भाग आहे. वाळवंटातल्या पाण्याच्या शिरा, वराहमिहिर सांगतो, उंटाच्या मानेसारख्या असतात. तुम्ही शेजारी बसलेल्या उंटाकडं बघता. मान आधी खाली झुकते, मग लांबवर जाऊन वर येते. याहून चांगली आकृती तुम्हालाही काढता आली नसती.

खोली मोजायचं मापही माणसाचंच: पुरुष. हात वर करून उभा राहिलेला माणूस, १२० अंगुळं, म्हणजे साधारण साडेसात फूट. पाणाड्या एका पीलूच्या झाडाशी थांबतो, वारुळाला वळसा घालतो, टाच रोवतो आणि पाच बोटं दाखवतो. पाच पुरुष. थोडा विचार करून आणखी दोन. सात माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढं खणायचं, तेव्हा कुठं ओल.

आणि गंमत अशी की देवळाची जागा त्या टाचेच्या खुणेवरून ठरते. देऊळ इथं, कारण बाव तिथं. बृहत्संहितेतच म्हटलंय की देव रमतात ते पाण्याजवळ आणि बागांजवळ. पाणी आपोआप आलेलं असो की माणसानं आणलेलं. तुम्ही इतकी वर्षं उलट समजत होता. आधी देऊळ, मग भाविकांच्या सोयीला तळं.

दिवस भराभर सरकायला लागतात. दोरी ओढणाराला घाई आहे. खडकाच्या आधारानं उंच जोतं चढतं. त्याला इथं जगती म्हणतात. मध्ये मोठं देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान. वारा वाळू आणून जोत्याच्या पायाशी टाकतो, वर चढवू शकत नाही. वाळूचा दगड मऊ. अंबरनाथला ज्या नक्षीला टाकी थकत होती ती इथं जणू बोटांनी निघते आहे. मंडपाला भिंतीच नाहीत. खांब, वर दगडी छप्पर, आणि कडेनं बसायला बाक; बाकाला पाठ टेकायला बाहेर झुकलेला कठडा. कक्षासन त्याचं नाव. आत ऊन नाही, पण वारा आहे. बाहेर उंटावरून आलेला कुणी व्यापारी येतो, पागोटं काढतो, कक्षासनाला टेकतो आणि डोळे मिटतो. त्यानं अजून देवाकडं बघितलेलंही नाही. सूत्रधाराला त्याचं काही वाटत नाही. उलट तो समाधानानं तिकडंच बघतो आहे.

जवळच बाव खोल जाते आहे. तिच्या पायऱ्यांना, खणांना आणि खांबांना देवळाइतकीच मेहनत. तुम्ही उतरता. दहाव्या पायरीला ऊन सुटतं. विसाव्या पायरीला तोच वास, अंबरनाथच्या गाभाऱ्यातला. तळाशी पाणी आहे, आणि पाण्यात ओळंबा टेकलेला आहे. अखेर टेकला. तुम्ही दोरी वर ओढायला लागता.

अबू मुरेखा, १९९७ ते २०२४

दोरी वर येताना शतकं भरभर मागं पडतात, आणि तुम्ही पुन्हा वाळूतच बाहेर येता. फक्त ही वाळू समुद्रापलीकडची आहे.

१९९७ सालची ५ एप्रिल. शारजाच्या वाळवंटात भगव्या वस्त्रातले एक वृद्ध साधू उभे आहेत. प्रमुखस्वामी महाराज. अबू धाबीत एक मंदिर व्हावं, अशी इच्छा ते बोलून दाखवतात. अजून जमीन नाही, परवाना नाही, नकाशा नाही. पुढं अबू धाबीच्या राजघराण्याकडून जमीन भेट मिळते, अबू मुरेखात, एकूण २७ एकर, दुबईहून अबू धाबीला जाणाऱ्या हमरस्त्यापासून जवळ. २०१९ च्या २० एप्रिलला त्यांचे वारसदार महंतस्वामी महाराज यांच्या हातून शिलान्यास होतो. आता तुमच्या डोक्यावर हेल्मेट आहे, आणि आतेभावाचा प्रश्न समोर उभा आहे: पाया कसा घातला?

ओसियाँचा खड्डा इथंही खणलेला आहे. फक्त माती परत भरून बघायच्या ऐवजी नमुने प्रयोगशाळेत जातात. पायाचं काँक्रीट ओतलं जातं त्यात सिमेंटचा मोठा वाटा काढून कोळशाची राख घातलेली आहे. ती तुम्हाला परकी नाही. राखेच्या विटा तुम्ही वळमध्ये ढिगानं वापरता. इथं तिचा उपयोग दुहेरी: सिमेंट कमी म्हणजे कार्बन कमी, आणि काँक्रीट सेट होताना आतून कमी तापतं. सळई मात्र दिसत नाही. तुम्ही दोनदा बघता. लोखंड गंजतं, गंजलं की फुगतं, फुगलं की दगड फोडतं. आपल्याला तीस-चाळीस वर्षं टिकणारं गोडाऊन बांधायचं असतं, तेव्हा सळई हवी. ज्याला हजार वर्षांचा हिशेब करायचा आहे तो अंबरनाथच्या म्हाताऱ्याकडं जातो: वजनावर वजन, बस्स. मात्र म्हाताऱ्याकडं नव्हतं असं एक इथं आहे. दगडात आणि पायात ३०० हून अधिक सेन्सर पुरले आहेत. दाब किती, तापमान किती, जमीन हलली का, हे देऊळ स्वतःच सांगणार.

नकाशा पुढं सरकतो तशी माणसं दिसायला लागतात. जमीन मुस्लिम राज्यकर्त्यांनी दिलेली. मुख्य वास्तुविशारद कॅथलिक, प्रकल्पाचा व्यवस्थापक शीख, पायाची रचना करणारा बौद्ध, संचालक जैन, आणि बांधकाम मुंबईच्या शापूरजी पालनजी या पारशी कंपनीकडं. सूत धरणारे हात किती ठिकाणचे.

दगड कुठला घ्यायचा हा वाळवंटातला सगळ्यांत अवघड प्रश्न. उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या आसपास जाणारं तापमान. बाहेरच्या अंगाला राजस्थानचा गुलाबी वालुकाश्म निवडला, म्हणजे ज्या दगडाला उन्हात उभं राहायची हजार वर्षांची सवय आहे तोच. ओसियाँचा चुलतभाऊ म्हणा. आतल्या बाजूला इटलीचा पांढरा संगमरवर. कोरीव काम इथं होत नाही. राजस्थान आणि गुजरातमधले दोनेक हजार कारागीर तिकडंच कोरतात, तुकड्या-तुकड्यावर खूण घालतात, आणि इथं येऊन ते जोडले जातात. उंची १०८ फूट, लांबी २६२, रुंदी १८०. संयुक्त अरब अमिरातीतल्या सात अमिरातींसाठी सात शिखरं. कोरीव कामात हत्तीमोरांसोबत उंट आहेत, इथलं हरीण आहे, ससाणा आहे. पद्धत दुरून आणली तरी तिला इथल्या मातीत उभं राहायचं आहे, म्हाताऱ्याचंच गणित.

आणि हा सगळा दगड आला कसा? वीस हजार टनांहून जास्त माल, ७०० हून अधिक कंटेनरांतून. तुम्हाला हसू येतं. तुमच्या गावच्या रस्त्यावर ज्यांनी जीव नकोसा केलाय, तेच लोखंडी डबे. दगडांच्या पेट्यांचं लाकूडसुद्धा फेकलेलं नाही. त्याची बाकं आणि टेबलं केली आहेत. वळमध्ये पॅलेटच्या फळ्यांचा शेवट चहाच्या टपरीखालच्या जाळात होतो.

२०२४ च्या १४ फेब्रुवारीला, वसंत पंचमीला, देवळाचं उद्घाटन होतं. काही दिवसांनी लोकांसाठी दारं उघडतात, तेव्हा तुम्ही चप्पल काढून अंगणात पाय टाकता, आणि थबकता. फरशी भाजत नाही. वाळवंटात अनवाणी चालायचं म्हणजे देवळाच्या रचनाकारापुढचं पहिलं संकट. म्हणून उष्णता धरून न ठेवणाऱ्या खास फरश्या. शिखर किती उंच यापेक्षा भाविकाच्या तळपायाचा विचार केलाय, हे ओसियाँच्या सूत्रधाराला आवडलं असतं.

देवळाच्या दोन्ही बाजूंनी पाणी वाहतं. एका अंगानं गंगा, दुसऱ्या अंगानं यमुना, आणि सरस्वती प्रकाशाच्या झोतातून. काठाला घाटासारख्या पायऱ्या. लोक उतरतात, बसतात, पाण्यात हात घालतात. पाण्यात दोन नद्यांचं जल मिसळलेलं आहे, ते भारतातून आणलेलं. तुम्ही पायऱ्यांवर बसता. पाणाड्याची टाच आठवते. इथं भूगर्भातून शीर काढायची सोय नव्हती, तर नदीच उचलून आणली. पण नातं तेच आहे. पाणी, आणि त्याच्या काठी माणूस.

दारं उघडून दोन महिनेही झाले नाहीत तोच १६ एप्रिल उजाडतो. आभाळ काळं होतं. संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासून नोंदी आहेत, आणि त्यात असा पाऊस नाही. अल ऐनजवळच्या एका केंद्रावर चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. दुबईत रस्त्यांच्या नद्या होतात, विमानं अडकतात. तुमचा आतेभाऊ कुठंतरी गाडीत अडकून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकतो आहे, आणि तुम्ही वालधुनीकाठच्या म्हाताऱ्याचं हातानं बोललेलं वाक्य ऐकता आहात: वरून इकडे, इकडून तिकडे. कोकणात असो की वाळवंटात, नकाशावर दोन रेषा हव्यातच. एक पाणी येण्याची, एक जाण्याची.

दोरीचा शेवटचा हिसका बसतो.

वळ, तीच दुपार

तुम्ही बावेच्या काठावर गुडघे टेकून बसलेले आहात. ओळंबा वर आलाय, टपटप गळतोय. सुतळीवर ओलीची खूण आहे. पाणी १५ फुटांवर, तळ २६ वर. भर मे महिन्यात अकरा फूट पाणी.

सवयीनं तुम्ही हिशेब करता. बारा फूट व्यास, सव्वीस खोल, म्हणजे साधारण एकोणतीस-तीस ब्रास. मुरूम दाबून बसतो, म्हणून छत्तीस धरायचा. मग त्याच कागदावर, कुणी सांगितलेलं नसताना, दुसरा हिशेब. शेजारच्या गोडाऊनचा पत्रा वीस हजार चौरस फूट. आपल्याकडं वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एका छपरावर पंचेचाळीस लाख लिटरहून जास्त पाणी पडतं आणि नाल्यातून खाडीला जातं. मग फेब्रुवारी लागला की टँकर.

"भाईसाब, पानी मिलेगा?"

मागं एक ट्रेलर उभा आहे. नंबर राजस्थानचा. ड्रायव्हर खाली उतरलाय, हातात रिकामी बाटली, चेहरा उन्हानं काळवंडलेला. गोडाऊन उघडायला अजून तास आहे, आणि उभं राहायला एवढ्या मोठ्या प्लॉटवर ट्रेलरचीच काय ती सावली. तुमची पाण्याची बाटली तुम्ही त्याला देता. तो घटाघटा पितो, तोंड पुसतो आणि बावेच्या काठाशी येतो. ज्या सहजतेनं तुम्ही दुसऱ्याच्या गोडाऊनची फरशी बघता, त्याच सहजतेनं तो बावेत डोकावतो.

"दो पुरस," तो म्हणतो.

तुम्ही त्याच्याकडं बघतच राहता. त्याच्या गावात विहिरीची खोली अजून माणसानंच मोजतात.

"दो ही पुरस पे पानी?" तो पुन्हा विचारतो, स्वतःचाच अंदाज खोटा असावा तसा. "हमारे यहाँ तो इतने में रस्सी भी गीली नहीं होती।" मग तुमच्या हातातल्या कागदाकडं त्याची नजर जाते. तिथं बावेवर तुम्ही काट मारलेली आहे. त्याला नकाशा कळत नसावा. काट मात्र कुणालाही कळते.

तो काही बोलत नाही. ट्रेलरच्या सावलीत जाऊन पाठ टेकतो आणि डोळे मिटतो.

तुम्ही कागद उलटा करता. कोऱ्या बाजूला आधी बारा फुटांचं वर्तुळ काढता. त्याच्याभोवती तीन फुटांचा कठडा. पत्र्याच्या पन्हळीतून एक पाइप, गाळणीतून बावेत. भरून वाहिली तर नाल्याकडं दुसरा. पश्चिमेच्या बाजूला सावलीला एक छप्पर, भिंती नसलेलं, बसायला बाक. बाकाची पाठ थोडी बाहेर झुकलेली. ट्रेलर वळायची रेषा त्यामुळं सहा फूट सरकते. चार गाड्यांची जागा जाते असं मालक म्हणाला होता. मोजून बघितलं तर एकाच गाडीची जाते. हे त्याला सांगता येईल. पंचेचाळीस लाख लिटरचा आकडाही सांगता येईल. ऐकेल की नाही ते पुढचं.

मोबाइल पुन्हा थरथरतो. "दादा, सांगतोस का नाय? पाया कसा घातला?"

तुम्ही ओळंब्याचं पाणी शर्टाला पुसता आणि लिहिता: "रात्री फोन कर. बावेपासून सांगावं लागंल."